पंप बदलला, मग मीटर का मरतंय? एका गाडीच्या वहीतल्या नोंदी

मी मोटारी भरतो. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी: जळालेली आली की जुनी तार उपसायची, नवी वाइंडिंग भरायची, वार्निश पाजून वाळवायची. दुकान सांगलीत, माधवनगर रोडला. चारचाकीतलं मला बेताचंच कळतं, हे आधीच कबूल. गाडी पेट्रोलवरची, नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतलेली, एमएच १०. चालवते मुख्यतः बायको. घर विश्रामबागेत, तिची शाळा तासगावच्या अलीकडे, रोजचं जाऊनयेऊन चाळीसेक किलोमीटर. नोंदी डॅशबोर्डच्या खणातल्या शंभर पानी वहीत आहेत, काही तिच्या हातच्या. इथे उतरवताना शुद्धलेखन सुधारलं, आकडे तसेच ठेवले.

१८ जून २०२४

बुधगाव सोडल्यावर चालती गाडी बंद. सकाळी साडेसातची वेळ, पाऊस. बायकोनं कशीबशी कडेला घेतली, दोन मिनिटांनी चावी फिरवली, सुरू झाली. संध्याकाळी मला म्हणाली, "बंद पडायच्या आधी ब्लोअरचा वारा मंदावला." मी म्हटलं, पेट्रोलमध्ये पाणी असेल. तिचं वाक्य लिहून ठेवलं, त्यावर विचार मात्र केला नाही.

२९ जून

बंद नाही पडली, पण विचित्र प्रकार. हेडलाइट लावला की मीटरमधला डावा बाण मिणमिणतो. इंडिकेटर लावलेला नसताना. ब्लोअर चारवर केला की बाण जरा जास्त उजळतो.

दुकानातला मल्टिमीटर आणला. बॅटरी रात्रभर थांबलेली: १२.५ व्होल्ट. इंजिन चालू: १४.२. म्हणजे बॅटरी भरलेली, अल्टरनेटर भरतोय. दोघांवरचा आळ गेला.

६ जुलै

कंपनीचा मेसेज आला: आपल्या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये फ्युएल पंपात दोष असण्याची शक्यता, चासी नंबर टाकून तपासा, पंप मोफत बदलून मिळेल. इंजिन चालता चालता बंद पडू शकतं, असंही त्यात होतं. मला आनंदच झाला. रोगाचं नाव कळलं, औषध फुकट, आणि पत्र खुद्द वैद्याकडून.

चासी नंबर टाकला तर "क्रमांक अवैध". तीनदा टाकला. बायकोनं चष्मा लावून बघितलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "हे शून्य आहे, तुम्ही ओ टाकताय." सतरा अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. शून्य टाकल्यावर लगेच उत्तर: आपली गाडी रिकॉलमध्ये आहे.

रात्री याच विषयावर वाचत बसलो. गाडी कंपन्यांच्या संघटनेनं, सियामनं, जुलै २०१२ मध्ये स्वतःहून गाड्या परत बोलवायची आचारसंहिता केली. कायद्यात हे आलं २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं, कलम ११०अ, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर मालकाला सरकारी पोर्टलवर दोषाची तक्रार करता येते. सरकारनं सक्तीनं परत बोलवायला लावलं तर कंपनीला दहा लाख ते एक कोटी दंड. आमचा रिकॉल कंपनीनं आपणहून केलेला. वॉरंटी संपली असली तरी रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत.

१३ जुलै

पंप बदलला. मागचं सीट उचलून टाकीच्या तोंडातून काढतात, दोन तासांचं काम. जुना पंप बघायला मागितला, मिळाला नाही. तो कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणे. जॉबकार्डवर शिक्का: "रिकॉल काम पूर्ण".

मी सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला डाव्या बाणाचं सांगितलं. वय पंचविसेक, टाय लावलेला, बोलायला गोड. "सर, पंप बदललाय, आता काहीच होणार नाही." मी म्हटलं, पंपाचा आणि इंडिकेटरचा काय संबंध? "सर, एकदा चालवून बघा."

तिथे एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. त्यानं आधी नंबरप्लेट बघितली, मग खाली वाकून दाराच्या कडेची रबरं बघितली. चिखलाची रेघ शोधत होता. सांगलीची गाडी म्हटली की पुराची, हे यांच्या डोक्यात पक्कं.

२ ऑगस्ट

वीस दिवस शांत गेले. आज सकाळी कवलापूरच्या आधी परत. या वेळी मी गाडीत होतो, म्हणून नीट लिहितो.

पाऊस, काचेवर वाफ धरलेली, म्हणून ब्लोअर चारवर. हेडलाइट चालू. रस्त्याला पॅच होता, गाडी हादरली. ब्लोअरचा आवाज खाली आला, जशी लोड वाढल्यावर मोटर गळा काढते तशी. मग मीटरचे सगळे काटे एकदम शून्यावर, सगळे दिवे एकदम लागले, मग सगळे विझले, इंजिन बंद. हेडलाइट मात्र चालूच.

हेडलाइट चालू, हे महत्त्वाचं. बॅटरी आहे, वीज आहे. पंप बंद पडला असता तर इंजिन गेलं असतं; मीटर कशाला मेलं असतं? काटे खाली येण्याआधी ब्लोअर कशाला दमला असता? पेट्रोल संपलं म्हणून घरातला पंखा हळू होत नाही.

१० ऑगस्ट

पुन्हा सर्व्हिस सेंटर. स्कॅनर लावला. नऊ कोड निघाले. मी सगळे उतरवून घेतले, त्याला ते आवडलं नाही. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. यू ०१२१ म्हणजे एबीएसशी, ब्रेकच्या कॉम्प्युटरशी, तुटला. यू ०१४० म्हणजे बॉडी कंट्रोलच्या डब्याशी, दिवे-लॉक वगैरे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी. अशा बऱ्याच यू वाल्यांच्या खाली, शेवटून दुसरा, पी ०५६२: सिस्टिमचा व्होल्टेज कमी.

नऊ जण ओरडत होते आणि त्यातला एकच कारण सांगत होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. निदान असं झालं: बॉडी कंट्रोलचा डबा गेला, बदलावा लागेल, साडेबावीस हजार, वॉरंटी संपलेली. मी म्हटलं, संपर्क सगळ्यांचाच तुटलाय, मग दोष एकट्या डब्याचा कसा? गल्लीतल्या सगळ्या घरांतली वीज गेली तर आपण पहिल्या घराचं मीटर बदलतो का?

मग आतून मोठे साहेब आले. त्यांनी सरळच विचारलं, "गाडी पाण्यात होती का?"

याचं उत्तर मी घरून तयार करून गेलो होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा ही गाडी जन्मालाही आली नव्हती. २०२१ चा पूर जुलैचा. आरसीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो: सप्टेंबर २०२१. म्हणजे दोन्ही पुरांनंतरची गाडी. आरसी त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाले, "बरं, मग डब्याचं काय करायचं?"

डबा बदलला नाही. कोड पुसून दिले, त्याचे पाचशे नव्वद घेतले.

२५ ऑगस्ट

रविवार, गाडी घरी, मीटर हातात. तीन मापं.

गाडी लॉक करून पाऊण तास झोपू दिली, मग बॅटरीच्या वजाच्या वायरीत अँपिअर बघितले: ०.०३. पन्नास मिलिअँपच्या आत असलं की ठीक मानतात. म्हणजे रात्री कुणी बॅटरी पीत नाही.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये, चावी बंद करून, बॅटरीची वायर काढून, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांत रेझिस्टन्स: ६०.४ ओहम. सगळे कॉम्प्युटर ज्या दोन तारांवर बोलतात त्यांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, समांतर धरले की साठ. म्हणजे बोलायची तार शाबूत. माणसं मुकी नाहीत, उपाशी आहेत.

तिसरं माप चुकीचं घेतलं, ते नंतर कळलं. अर्थिंगच्या वायरी, म्हणजे करंटची बॅटरीच्या वजाकडे परतीची वाट, मीटर बीपवर ठेवून तपासल्या; वाट जोडलेली असली की तो वाजतो. सगळीकडे बीप. "अर्थिंग ओके" असं वहीत लिहून खाली रेघ मारली.

८ सप्टेंबर

तासगावचा रथोत्सव, ऋषिपंचमी. सासुरवाडीला जायचं म्हणून मुद्दाम लवकर निघालो, तरी गर्दीत सापडलोच. रात्रभर रिपरिप होती. तासगावात शिरताना, मागे-पुढे वाहनं, आणि आमची गाडी बंद. या वेळी दोन मिनिटांनी सुरू होईना. चौघांनी ढकलून कडेला लावली. तिकडे गणपतीच्या रथाचे दोर शेकडो माणसं ओढतायत, सात मजली गोपुरासमोर गुलालाचा ढग, आणि इकडे मी बॉनेट उघडून बॅटरीकडे बघत उभा. बॅटरी १२.४. एका आजोबांनी जाता जाता सांगितलं, "हिलाबी दोर बांधा."

दुपारी ऊन पडल्यावर एका चावीत सुरू झाली.

घरी आल्यावर बायकोनं वही माझ्या हातून घेतली आणि रकाने पाडले: तारीख, वेळ, रात्री पाऊस होता का, गाडी कुठे उभी होती, ब्लोअर, काय झालं. म्हणाली, "तुम्ही नुसतं काय झालं ते लिहिताय. काय झालं नाही ते पण लिहायचं." वर्गातल्या पोरांची हजेरी घेणारं माणूस हे. गैरहजेरीचाही तिच्याकडे रकाना असतो.

२२ सप्टेंबर (तिच्या अक्षरात)

चौदा दिवस. सकाळी त्रास: ५ वेळा. पाचही वेळा आदल्या रात्री पाऊस. दुपारी शाळेतून परत येताना त्रास: ० वेळा. शाळेत गाडी पत्र्याच्या शेडखाली असते. घरी गुलमोहोराखाली. ज्या दिवशी ब्लोअर लावला नाही त्या दिवशी फक्त बाण मिणमिणला, बंद पडली नाही.

(खाली माझ्या अक्षरात: ओल + ब्लोअर. आतल्या अंगाला कुठंतरी.)

१२ ऑक्टोबर

दसरा. पूजेसाठी सकाळी गाडी पाइपनं धुतली, बॉनेटवर आणि काचेवर यथेच्छ पाणी. झेंडूचा हार, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. बायकोनं ओवाळलं. फेरी मारायला म्हणून चावी फिरवली, ब्लोअर लावला, फाटकातच बंद. पाऊस नव्हता. आकाश निळं.

मला एवढा आनंद गाडी सुरू झाल्यावरही झाला नसता. दोष आता मागितल्यावर हजर होतोय. खाली उतरून डाव्या सीटच्या पुढे, पाय ठेवायच्या जागी, मॅटखाली हात घातला. वरचा गालिचा कोरडा. त्याच्या खालचा जाड स्पंज दाबला तर बोटांमधून पाणी आलं. पिवळसर, पाला कुजल्याचा वास.

१९ ऑक्टोबर

मिरजेच्या चाचांकडे गेलो. ऑटो इलेक्ट्रिशियन, सत्तरीचे, दुकान म्हणजे एक टपरी आणि एक स्टूल. शेजारच्या गल्ल्यांत तंबोरे-सतारी होतात, इथे हॉर्न आणि स्टार्टर. मी माझं निदान सांगायला सुरुवात केली, त्यांनी हात वर केला. "शेठ, आधी उंदीर बघू." ऊस तुटायला लागला की उंदीर वस्तीत येतात, वायरी कुरतडलेल्या गाड्या रोज एखादी असते म्हणाले. उंदीर नव्हता.

मग मी वहीतलं "अर्थिंग ओके" दाखवलं. चाचा हसले. "बीप वाजला?" "वाजला." "तुमच्या मोटारीला बीप वाजला की तुम्ही चालू करून देता?"

गप्प बसलो. नाही देत. वीस तारांची वायर असेल आणि एकोणीस तुटल्या असतील तरी बीप वाजतो, कारण मीटर जातायेताना चिमूटभर करंट टाकतो. लोड टाकल्यावर खरं कळतं. हे मी माझ्या पोरांना शिकवतो, आणि स्वतःच्या गाडीला विसरलो.

चाचांचं हत्यार: जुना हेडलाइटचा बल्ब, ५५ वॅट, दोन वायरी, दोन चिमटे. बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर खेचतो. एक चिमटा बॅटरीच्या अधिकला, दुसरा एकेका अर्थिंगच्या जागी. इंजिनवर लावला: डोळे दिपतील असा लागला. उजव्या बाजूला बॉडीवर: तसाच. डाव्या पायाशी, पत्र्याआडच्या काळ्या वायरींच्या जोडावर: बल्बची तार नुसती तांबडी. चुलीतल्या निखाऱ्यासारखी.

"बॅटरी मेलेली न्हाई शेठ. ह्या बाजूला पोचत न्हाई," चाचा म्हणाले.

मीटरनं माप घेतलं: बॅटरीचा वजा आणि तो जोड यांच्यात, ब्लोअर बंद असताना ०.१४ व्होल्ट. ब्लोअर चारवर: १.९. चाचांनी वायरीचा गठ्ठा दोन बोटांनी जरा हलवला: ४ च्या वर, मग मीटर-दिवे सगळं गेलं. असल्या अर्थिंगवर दशांश व्होल्टच्या वर पडायला नको. जाणारा करंट परतीची वाट बंद दिसली की दुसऱ्या वाटा शोधतो, म्हणून हेडलाइटचा करंट डाव्या बाणातून मिणमिणत परत जात होता. आमच्याकडे थ्री-फेजला न्यूट्रल सुटलं की एका घरात बल्ब फुटतो आणि दुसऱ्यात टीव्ही बंद पडतो, तोच हा आजार, बारा व्होल्टचा.

१८ जूनचं पान काढून वाचलं. "ब्लोअरचा वारा मंदावला." पहिल्या दिवशी सांगितलं होतं तिनं.

२० ऑक्टोबर

रविवार, दिवसभर काम. बॅटरीचा वजा आधी काढून दहा मिनिटं थांबलो. त्या भागातून एअरबॅगच्या पिवळ्या वायरी जातात, तिथे घाई नको. डाव्या दाराखालची पट्टी काढली, बाजूचा प्लास्टिकचा पत्रा काढला (एक क्लिप मोडली, मोडणारच होती). मागे बोटाएवढा बोल्ट, त्याखाली एक लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ते धातूचं कडं), आणि त्या एका लगमध्ये पाच काळ्या वायरी दाबलेल्या. ब्लोअर, मीटर, इंजिनचा कॉम्प्युटर, बॉडीचा डबा, आणि डाव्या बाजूचे दिवे. सगळ्यांची परतीची वाट एका लगमधून.

बोल्ट फिरवताना हिरवी भुकटी सांडली. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की जसं कळकतं तसं ते तांबं कळकलं होतं. लगखाली पत्र्याचा रंग खरवडलेलाच नव्हता. रंगावरच बोल्ट आवळलेला. नवी होती तोवर बोल्टच्या आट्यांतून करंट जात राहिला, ओल आल्यावर तीही वाट बंद.

वायरीचं आवरण सोललं तर आत तार काळी. आणखी सोललं, आणखी काळी. पाणी वायरीच्या आतून दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. बोअरमधल्या सबमर्सिबलच्या केबलजोडाला हे मी शंभरदा बघितलंय. काळ्या तारेला सोल्डर धरत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळतो. पाचही वायरी चार-चार इंच मागे कापल्यावर तांबं चमकायला लागलं.

जोड कसा द्यायचा यावर चाचांशी फोनवर वाद झाला. माझा हात सोल्डरचा. ते म्हणाले, गाडी हादरते, सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होऊन मोडते. दाबून लग बसवा, वर गरम करून आवळायची स्लीव्ह घाला. त्यांचं ऐकलं. पाच वायरींना तीन लग, दोन वेगवेगळ्या बोल्टांवर. पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासला, आवळल्यावर वरून ग्रीस.

माप, ब्लोअर चारवर, हेडलाइट चालू: ०.०३ व्होल्ट. वायरी ओढल्या, हलवल्या: ०.०३. डावा बाण काळाठिक्कर.

सामान: लग, स्लीव्ह, चार फूट वायर, क्लिपा. एकशे ऐंशी रुपये.

२६ ऑक्टोबर

आता पाणी आलं कुठून. वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. आत गुलमोहोराची पानं. मोठी पानं नव्हेत, ती बारीक, तांदळाएवढी पानं, जाळीच्या भोकांतून आरामात आत जाणारी. तीन वर्षांत साचून त्यांचं काळं शेणकूट झालेलं. डाव्या कोपऱ्यातलं पाणी वाहून जायचं भोक पूर्ण बुजलेलं. वाट नाही म्हटल्यावर पाणी साचायचं, आणि पातळी वाढली की ब्लोअर जिथून बाहेरची हवा ओढतो त्या तोंडातून आत. खाली बरोबर तो लग.

दोन मुठी घाण निघाली. बादलीभर पाणी ओतलं, चाकामागून भळाभळा खाली आलं. चार सर्व्हिसिंग झाल्यात, प्रत्येकीच्या बिलात "गाडी धुणे" आहे. जाळी एकदाही उघडलेली नाही, तिचे खिळे कोरे होते.

उंदराचा दोष नाही, पुराचा नाही, पंपाचा नाही. झाड शेजाऱ्यांचं आहे, त्याचाही नाही. मे महिन्यात त्याच झाडाचे फोटो आम्हीच काढतो.

९ नोव्हेंबर

बुजलेलं भोक आमच्या अंगणातलं, मान्य. रंगावर आवळलेला बोल्ट मात्र कारखान्यातला, आणि एका लगमध्ये पाच वायरी हेही कुणाच्या तरी नकाशातलंच. ते लिहून, फोटो जोडून कंपनीला मेल केला. उत्तर: "आपल्या गाडीवरील रिकॉलचे काम पूर्ण झालेले आहे." दुसरा मेल केला की मी रिकॉलबद्दल बोलतच नाही. उत्तर तेच, खाली नाव वेगळं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगाचीही चौकशी केली: आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी दोनशे रुपये. ओळखीच्या वकिलांनी विचारलं, "नुकसान किती?" कोड पुसायचे पाचशे नव्वद, सामान एकशे ऐंशी, आणि साडेबावीस हजारांचा डबा जो आम्ही घेतला नाही. ते म्हणाले, न घेतलेल्या डब्याचा दावा लावता येत नाही. सरकारी पोर्टलवर दोषाची तक्रार तेवढी टाकली. आणखी कुणाच्या लगखाली रंग असेल तर तक्रारींचा आकडा वाढेल.

हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर सर्व्हिस सेंटरनं पाचशे नव्वद परत केले. लेखी मात्र काही दिलं नाही.

१४ जानेवारी २०२५

शहाऐंशी दिवस, काही नाही. पण पाऊसही नाही, त्यामुळे हे धरत नाही. दर पंधरा दिवसांनी पाइपनं काचेवर दहा मिनिटं पाणी सोडून बघतो: ०.०३, स्पंज कोरडा. तिळगूळ द्यायला मिरजेला गेलो होतो. चाचांनी बाकी काही न विचारता आधी वाकून डाव्या पायाशी हात घातला.

२७ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आठवडाभर रात्रंदिवस. गाडी गुलमोहोराखालीच, मुद्दाम. आज सकाळी: स्पंज कोरडा. ब्लोअर चार, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू करून ०.०४. व्होल्टचा शंभरावा भाग वाढलाय. मीटरची चूक की आणखी काही ते पुढच्या महिन्यात बघतो. जाळीखाली पुन्हा अर्धी मूठ पानं.

(तिच्या अक्षरात: सात दिवस, सात सकाळ, त्रास ०. ब्लोअर रोज चारवर.)

दुपारी कंपनीचा मेसेज: आपल्या गाडीचे फ्युएल पंपाचे रिकॉल काम प्रलंबित आहे, कृपया त्वरित जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या. जॉबकार्डाचा फोटो काढून पाठवला, शिक्का दिसेल असा.